ईजीआर व्हॉल्व्हच्या पोझिशन सेन्सरचा कोड पी ०४०५ : अख्खा व्हॉल्व्ह बदलण्याआधी काय तपासावे?

सहकारनगरकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१५ सालची, कॉमन रेल डिझेल इंजिनाची बीएस-४ हॅचबॅक आहे. गाडी ९० हजार किलोमीटरच्या पुढे चालली असून तिचा बहुतेक वापर सहकारनगर ते शिवाजीनगर असा शहरातल्या शहरातच होतो. पावसाळा सुरू झाल्यापासून चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो, काही दिवस तसाच राहतो आणि मग काहीही न करता विझतो. दिवा लागलेला असताना पिकअप जाणवण्याइतका कमी होतो. कात्रजच्या जुन्या घाटात तर चढावर गाडी ओढेनाशी होते आणि मागच्या वाहनाला त्रास होईल इतका काळा धूर सुटतो.

ब्लूटूथवर चालणारा साधा स्कॅनर लावला असता पी ०४०५, म्हणजे ‘ईजीआर सेन्सर ए, सर्किट लो’, हा एकच कोड मिळाला (ईजीआर म्हणजे जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी व्यवस्था). कोड नोंदला गेला त्या क्षणाची फ्रीज फ्रेम अशी आहे : इंजिनाचे फेरे मिनिटाला १८५०, कूलंटचे तापमान ८६ अंश, ईजीआरला दिलेला आदेश ३१ टक्के आणि ईजीआर एरर (आदेशाच्या तुलनेत व्हॉल्व्हच्या प्रत्यक्ष जागेतली तफावत) उणे १०० टक्के.

अधिकृत सर्व्हिस सेंटरचे म्हणणे असे की, व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते सांगणारा पोझिशन सेन्सर व्हॉल्व्हच्या आतच बसवलेला असून तो सुटा मिळत नाही, त्यामुळे पूर्ण व्हॉल्व्ह बदलावा लागेल. मजुरी धरून अंदाज १८ हजार रुपयांचा दिला आहे. घराजवळच्या गॅरेजवाल्यांच्या मते व्हॉल्व्ह काजळीने भरला आहे आणि तो साफ केला की काम होईल. तिसऱ्या एका ओळखीच्या मेकॅनिकने पत्र्याची चकती लावून ईजीआरचा मार्गच बंद करण्याचा सल्ला दिला. तिघांपैकी कोणीही मीटर लावून काही मोजलेले मी पाहिले नाही. माझ्याकडे डिजिटल मल्टिमीटर आहे आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी निवांतपणे काम करता येते. बिघाड सेन्सरमध्ये आहे, वायरिंगमध्ये आहे की काजळीमुळे आहे, हे घरच्या घरी आणि खात्रीने कसे ठरवावे? तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

वायरमन, हडपसर

मी वाहनांच्या वायरिंगचे काम करतो, म्हणून विजेच्या बाजूपुरते सविस्तर लिहितो.

पी ०४०५ चा अर्थ एवढाच की, पोझिशन सेन्सरकडून ईसीएमपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकापर्यंत, पोहोचणारे व्होल्टेज मान्य किमान मर्यादेच्या खाली गेले. व्हॉल्व्ह खराब झाला आहे, असे हा कोड म्हणत नाही. व्हॉल्व्ह अडकला असता, आदेश एक आणि जागा दुसरीच, अशी विसंगती दिसून बहुधा पी ०४०४ आला असता. वायूचा प्रवाह अपुरा असता तर पी ०४०१, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या मोटरच्या सर्किटमध्ये दोष असता तर पी ०४०३, आणि सेन्सरचे व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर गेले असते तर पी ०४०६ मिळाला असता. आपल्याकडे एकटा ०४०५ आहे. फ्रीज फ्रेममधला उणे १०० टक्क्यांचा आकडाही त्याच्याशी जुळतो : ईसीएमने ३१ टक्के उघडण्याचा आदेश दिला आणि त्याला व्हॉल्व्हची जागा शून्यावर दिसली. त्यामुळे पहिला संशय सेन्सर, त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि तिथून ईसीएमपर्यंत जाणारी वायर यांवरच घ्यावा. (जाता जाता सांगतो : आदेश शून्य असताना याच रकान्यात कधी ९९.२ टक्के दिसले, तर दचकू नका. त्या मोजणीची कमाल मर्यादाच तेवढी आहे, आणि व्हॉल्व्ह किंचित जरी उघडा दिसला तरी आकडा तिथे जाऊन टेकतो.)

अशा व्हॉल्व्हच्या कपलरला बहुधा पाच पिना असतात. त्यांपैकी दोन मोटरच्या असतात आणि तीन सेन्सरच्या : ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि संकेत. पिनांचा क्रम गाडीगणिक बदलतो, म्हणून आपल्या मॉडेलचा वायरिंग नकाशा मिळवल्याशिवाय हात लावू नका. मोटरच्या पिनांवर १२ व्होल्ट असू शकतात. ते चुकून सेन्सरच्या वायरीत शिरले तर १८ हजारांचा प्रश्न ईसीएमच्या किमतीवर जाईल.

काम इंजिन थंड असताना करावे. सुरुवातीला कपलर न काढता, त्याच्या मागच्या बाजूने वायरच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजमाप घ्यावे. वायरचे आवरण टोचून मोजण्याची अनेकांना सवय असते. पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरते आणि पुढच्या वर्षी नवा बिघाड उभा राहतो. मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. किल्ली ऑन, इंजिन बंद, अशा स्थितीत पुरवठ्याच्या पिनवर ४.९ ते ५.१ व्होल्ट मिळायला हवेत. ते नसतील तर सेन्सरला दोष देऊ नका. मात्र काही गाड्यांत हा ५ व्होल्टचा पुरवठा एकाहून अधिक सेन्सरांना सामाईक असतो आणि तो कोसळला तर सोबत दुसरे कोडही येतात. आपल्याकडे ते आलेले नाहीत.

अर्थिंग तपासताना वायर अखंड असल्याचा मीटरचा बीप ऐकून समाधान मानू नये. एक तार शिल्लक असलेली वायरही बीप देते. सर्किट चालू असताना अर्थिंगच्या पिनवर किती व्होल्ट राहतात ते बघा, ०.१ व्होल्टच्या आत असावेत. शेवटी संकेताच्या पिनवर, व्हॉल्व्ह बंद असताना, साधारण ०.५ ते १ व्होल्ट मिळतील आणि व्हॉल्व्ह उघडत जाईल तसे ते ४ व्होल्टच्या आसपास चढतील. नेमका आकडा गाडीनुसार बदलतो आणि काही गाड्यांत मोजणी उलट दिशेनेही होते, पण चढउतार सलग हवा, मध्येच शून्यावर आपटता कामा नये.

यानंतरची चाचणी सर्वांत बोलकी आहे. किल्ली बंद करून ईसीएम झोपण्यासाठी काही मिनिटे थांबा, कपलर काढा, पुन्हा किल्ली ऑन करा आणि कोड वाचा. ०४०५ जाऊन ०४०६ आला, तर ईसीएम आणि वायर दोन्ही ठीक असून दोष व्हॉल्व्हमधल्या सेन्सरचा आहे. ०४०५ तसाच राहिला, तर मात्र घाईने वायरला दोषी धरू नये, कारण काही ईसीएममध्ये मोकळी वायर आतूनच शून्याकडे ओढलेली असते आणि तिथे कपलर काढल्यावरही ०४०५ च दिसणे स्वाभाविक आहे. अशा वेळी वायरिंगच्या बाजूच्या कपलरमध्ये ५ व्होल्टची पिन आणि संकेताची पिन १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून जोडा. कोड ०४०६ वर उडी मारतो का, ते पाहा. मारली तर ईसीएमपर्यंतचा रस्ता साबूत आहे. नाही मारली तर रस्ता कुठेतरी तुटला आहे किंवा गाडीच्या सांगाड्याला टेकला आहे.

आपला बिघाड येतो-जातो या प्रकारचा आहे, म्हणून वरच्या सगळ्या चाचण्या गाडी शहाण्यासारखी वागत असताना केल्यास सर्व काही ठाकठीक दिसेल. दिवा लागलेला असतानाच त्या करा, आणि मीटर लावलेला ठेवून हार्नेस (वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा) हाताने हलवत हलवत टोकापर्यंत जा.

टर्बोतात्या

वायरमनसाहेबांनी विजेची बाजू चोख मांडली आहे आणि क्रमही त्यांनी सांगितला तोच योग्य आहे. मला मात्र प्रश्नातील एक गोष्ट खटकते, ती म्हणजे काळा धूर.

ईजीआर व्हॉल्व्हला स्प्रिंग असते. सेन्सरचा भरवसा उरला नाही की ईसीएम साधारणपणे ईजीआर वापरणे सोडून देते आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद होतो. मग इंजिनाला जळका वायू मिळत नाही, सगळी ताजी हवा मिळते. अशा वेळी धूर वाढण्याऐवजी कमीच व्हायला हवा. पिकअप कमी होणे एक वेळ समजू शकते, कारण काही गाड्यांत असा कोड आल्यावर ईसीएम टॉर्कवर मर्यादा घालते. पण घाटात, पूर्ण भाराखाली काळा धूर येतो याचा सरळ अर्थ डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. तसे होण्यासाठी एकतर व्हॉल्व्ह खरोखरच उघडा अडकलेला असला पाहिजे, किंवा टर्बोने दाबलेली हवा वाटेतच गळत असली पाहिजे, किंवा एअर फिल्टर तुंबलेला असला पाहिजे. म्हणजे कोड एका बिघाडाचा आणि धूर दुसऱ्याच बिघाडाचा, अशी शक्यता मी तरी नजरेआड करणार नाही.

काजळीबद्दल गॅरेजवाल्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. इंजिनावर अर्धवट भार असताना ईजीआर सर्वाधिक उघडा असतो, आणि स्वारगेट ते डेक्कन रांगत जाणारी गाडी आयुष्यभर अर्धवट भारावरच चालते. एक्झॉस्टकडून येणारी कोरडी काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागातून) येणारी तेलाची वाफ एकत्र आली की इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात, डांबरासारखा चिकट थर बसतो. व्हॉल्व्हची चकती त्या थरामुळे पूर्ण मिटली नाही, तर बंद स्थितीतले व्होल्टेज नेहमीपेक्षा वर राहील. लक्षात घ्या, काजळीने व्होल्टेज वर राहते. आपला कोड व्होल्टेज खाली गेल्याचा आहे. म्हणून साफसफाईने हा कोड जाईल असे मला वाटत नाही. तरीही गॅस्केट नवी आणून व्हॉल्व्ह एकदा खोलून पाहण्यास हरकत नाही, कारण चकती उघडी अडकली असेल तर डोळ्यांनीच दिसेल.

खोललात तर दोन गोष्टी पाळा. क्लीनरचा फवारा फक्त वायूच्या मार्गात मारा आणि त्या वेळी मोटरची बाजू वर राहील असा व्हॉल्व्ह धरा, म्हणजे द्रव सेन्सरकडे ओघळणार नाही. आणि चकती स्क्रूड्रायव्हरने रेटू नका. आत प्लॅस्टिकचे दाते असलेली चाके असतात. ती एकदा तुटली की सर्व्हिस सेंटरचा १८ हजारांचा अंदाज आपोआप खरा ठरतो. परत बसवल्यावर काही गाड्यांत स्कॅनरवरून व्हॉल्व्हची बंद आणि उघडी जागा ईसीएमला पुन्हा शिकवावी लागते. साध्या ब्लूटूथ स्कॅनरने ते होत नाही.

चकती लावून मार्ग बंद करण्याचा सल्ला मात्र मुळीच मानू नका. ज्वलनाचे कमाल तापमान खाली ठेवून नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करण्यासाठी ईजीआर असतो. पीयूसीच्या तपासणीत डिझेल गाडीच्या धुराची घनता तेवढी मोजली जाते, हे वायू मोजलेच जात नाहीत. म्हणून चकती लावलेली गाडीही पास होते आणि लोकांना वाटते की काही बिघडले नाही. शिवाय सेन्सरची वायर तुटलेली असेल तर चकती लावूनही कोड तसाच राहणार. पैसे जातील ते वेगळेच.

नवा डिझेलवाला

याच इंजिनाचा जुना व्हॉल्व्ह नाना पेठेत किंवा भंगारात निघालेल्या गाडीतून मिळाला, तर तो तात्पुरता जोडून पाहता येईल का? नव्याच्या तुलनेत खर्च बराच कमी येईल.

वायरमन, हडपसर

पार्ट क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळत असेल तर जोडता येईल, पण त्यातून निष्कर्ष काढणे अवघड आहे. वापरलेल्या व्हॉल्व्हमधला सेन्सर किती झिजला आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि येत-जात राहणाऱ्या बिघाडात कपलर काढून पुन्हा दाबला तरी दोष काही दिवस गप्प बसतो. मग श्रेय व्हॉल्व्हला जाते. आधी मोजमाप, मग खरेदी.

सहकारनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी रात्रीच्या पावसानंतर दिवा पुन्हा लागला आणि ती संधी साधून रविवारी सकाळी मोजमाप घेतले.

पुरवठ्याच्या पिनवर ४.९८ व्होल्ट मिळाले, अर्थिंगच्या पिनवर ०.०२ व्होल्ट. संकेताच्या पिनवर, व्हॉल्व्हच्या कपलरपाशी, ०.८४ व्होल्ट होते. म्हणजे सेन्सर त्याच्या जागी व्यवस्थित बोलत होता, तरीही कोड साफ केल्यावर तो लगेच परत येत होता. कपलर काढला तेव्हा ०४०५ बदलला नाही. रेझिस्टरची चाचणी केली, तेव्हाही तो ०४०६ झाला नाही. त्यावरून दोष मधल्या वायरीतच आहे असे धरून हार्नेस हलवत गेलो.

बॅटरीच्या ट्रेखाली हार्नेस जिथे वळते, तिथली काळी नालीदार नळी हातात घेताच मऊ लागली. नळी चिरून उघडली असता आत उंदराने वायरींची आवरणे कुरतडलेली दिसली. बाकीच्या वायरींवर नुसते दात उमटले होते, पण संकेताच्या वायरीचे तांबे बोटाच्या पेराएवढ्या लांबीत उघडे पडून त्यावर हिरवी पूड चढली होती आणि तिच्यातल्या दोन-तीन तारा काय त्या शिल्लक होत्या. वायर बोटाने दाबून धरली की साफ केलेला कोड परत येत नव्हता. सोडली की परत येत होता. नळीच्या आत पाणी साचलेले होते, त्यामुळे पावसाशी असलेला संबंधही लक्षात आला.

तात्यांच्या सांगण्यावरून व्हॉल्व्हही खोलून पाहिला. काजळी भरपूर होती, मात्र चकती पूर्ण मिटत होती. आता दोन प्रश्न उरतात : वायर जोडण्याची पक्की पद्धत कोणती, आणि धूर जर ईजीआरमुळे नसेल तर पुढे कुठे पाहावे? तात्पुरती वायर जोडून काल कात्रजला जाऊन आलो. दिवा लागला नाही, धूर मात्र होताच.

वायरमन, हडपसर

मोजमापाची पद्धत उत्तम. व्हॉल्व्ह नवा आणला असता तर तो त्याच तुटक्या वायरीला जोडला गेला असता.

जोडकामासाठी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवा. हिरवे पडलेले तांबे दोन्ही बाजूंनी, आतून लालसर लखलखीत तार दिसेपर्यंत कापून टाका. गंज आवरणाच्या आत दिसतो त्यापेक्षा लांब पसरलेला असतो. मध्ये त्याच जाडीच्या ऑटो वायरचा तुकडा घाला, सोल्डर करा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. साधी इन्सुलेशन टेप बॉनेटखालच्या उष्णतेने चिकट होऊन सुटते, म्हणून ती नको. दात उमटलेल्या इतर वायरींनाही तशीच नळी घाला आणि सगळे जोड एकाच ठिकाणी येऊ देऊ नका, नाहीतर तिथे गाठ होऊन हार्नेस ताठ होते. नव्या नालीदार नळीचे तोंड खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. उंदरांसाठी बाजारात मिळणारे फवारे थोडे दिवस चालतात. पार्किंगमधली कचऱ्याची पेटी गाडीपासून लांब हलवल्याचा गुण जास्त येतो, असा माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांवरून अनुभव आहे.

टर्बोतात्या

चकती मिटते आहे, कोड गेला आहे आणि धूर तसाच आहे, म्हणजे आता हवेच्या मागे लागावे. एअर फिल्टर आधी काढून उजेडात धरा. तुंबला असेल तर तिथेच काम संपेल.

त्यानंतर स्कॅनरवर इनटेक मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब, म्हणजे मॅप सेन्सरचा आकडा उघडा. किल्ली ऑन आणि इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका दिसला पाहिजे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे तो ९४-९५ किलोपास्कल असतो. इंटरनेटवर वाचलेला १०१ चा आकडा समुद्रकाठचा आहे, त्याच्याशी तुलना करून सेन्सर बदलू नका. मग शेजारी कोणाला तरी आकडा वाचायला बसवून घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये, २००० ते २५०० फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. टर्बो डिझेलमध्ये दाब १८०-२०० किलोपास्कलच्या आसपास चढायला हवा. तो १३०-१४० वरच घुटमळत असेल आणि सोबत फुस्स असा आवाज येत असेल, तर टर्बोपासून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) आणि तिथून इनटेककडे जाणाऱ्या रबरी होजांपैकी एखादी चिरलेली आहे किंवा तिचा क्लॅम्प ढिला आहे.

चीर शोधताना होज बाहेरून नुसती पाहून भागत नाही. भेग बहुधा खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेला असते आणि इंजिन शांत असताना मिटलेली राहते. होज काढून हातात वाकवून पाहा. जिथे तेलाचा ओलसर डाग पसरून त्यावर धूळ चिकटली असेल, तिथेच प्रथम वाकवा. दाबाचे आकडे इथे टाकलेत, तर टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे (टर्बोचा दाब नियंत्रित करणाऱ्या भागाकडे) जायचे की नाही ते त्यावरून ठरवता येईल.